बंगळूरहून मुरगावकडे: एका घाटमार्गाचा इतिहास

स्वित्झर्लंडचा प्रवास ही आता मराठी मध्यमवर्गाच्या मनोरथांतील नित्याची गोष्ट झाली आहे. आणि तेथून परतलेला प्रवासी हिमशिखरांच्या बरोबरीने ज्यांचे वर्णन करतो त्या तेथील आगगाड्या होत, कारण जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा नांदणाऱ्या त्या डोंगराळ देशात एका दिवसाच्या प्रवासात खिडकीबाहेरची सृष्टी पालटते तशी डब्यातली बोलीही पालटत जाते. त्यातही ग्राउब्युंडन हा प्रांत असा, की तेथे जर्मन, रोमान्श व इटालियन या तिन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान आहे; तेथील डोंगरांतून हिंडणारी रेटियन रेल्वे मीटर गेजची आहे, आणि तिचा पहिला टप्पा 1889 साली खुला झाला. त्याच 1889 साली बंगळूरहून वायव्येस निघालेला मीटर गेजचा लोहमार्ग तुंगभद्रेकाठच्या हरिहरापर्यंत पुरा झाला, आणि हुबळी, लोंढा व कॅसलरॉक या वाटेने मुरगावच्या बंदराशी म्हैसूरच्या पठाराचा संबंध जुळला. या मार्गावर कानडी, तेलुगू, तमिळ, दखनी, मराठी आणि कोंकणी या भाषा एकीमागून एक कानी पडतात, आणि अखेरीस सह्याद्रीचा कडा उतरून गाडी समुद्रसपाटीला येते. निसर्गशोभेच्या बाबतीत हा मार्ग कोणाहून उणा नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो का बांधला गेला आणि त्याने या बहुभाषिक मुलखाचे काय केले, हे सांगणारे थोडेच भेटतात. ते सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

बंगळूरच्या बहुभाषिकपणाला रेल्वेहून कितीतरी जुना इतिहास आहे. केंपेगौडाने 1537 च्या सुमारास वसवलेले हे नगर 1638 मध्ये आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि जहागीर म्हणून शहाजीराजांकडे सोपवण्यात आले. पुढे 1687 मध्ये मोगलांनी ते घेऊन चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांस दिले, तोपर्यंत जवळजवळ अर्धशतक त्यावर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळातील शहाजीराजांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या संस्कृत ग्रंथात रेखाटले असून, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ संपादून 1922 मध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा एक भाग निरनिराळ्या भाषांतील कवनांना वाहिलेला आहे, यावरून त्या सभेत किती प्रांतांचे कवी व गुणिजन येऊन जात असतील याची कल्पना यावी. हे सारे लोक पुण्याहून, विजापुराहून, तंजावराहून घोड्यावरून, पालखीतून आणि पुष्कळदा पायी येत. पठारावरून समुद्राकडे उतरायचे तर लमाणांचे तांडे हाच आधार होता; बैलांच्या पाठीवर धान्य लादून ते घाट उतरत आणि मीठ घेऊन घाट चढत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेचा व्यापार बव्हंशी या बैलांच्या चालीवर अवलंबून होता.

ती व्यवस्था किती नाजूक आहे, हे 1876 ते 1878 च्या भयंकर दुष्काळाने दाखवून दिले. मद्रासहून बंगळूरच्या छावणीपर्यंत ब्रॉड गेजची आगगाडी 1864 मध्येच आली होती. त्यामुळे दुष्काळात समुद्रमार्गे मद्रासला उतरलेले धान्य बंगळूरच्या स्थानकापर्यंत येऊ शकत होते. परंतु तेथून पुढे तुमकूर, चित्रदुर्ग, धारवाड या कोरड्या मुलखांत ते न्यायचे कशाने? चारा नाही म्हणून बैल मेले होते, आणि बैल मेले म्हणून गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. एका म्हैसूर संस्थानात या दुष्काळाने लाखो माणसे बळी घेतली. कोठारात धान्य आहे, सरकारची तिजोरीही अगदीच रिकामी नाही, पण शंभर मैलांवरच्या भुकेल्या माणसापर्यंत घास पोहोचत नाही, अशी ती अवस्था होती. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने 1880 मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा दुष्काळप्रवण मुलखांत लोहमार्ग वाढवण्याची तजवीज त्यात आग्रहाने मांडली होती, यात नवल नाही.

या तजविजीतूनच 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. कृष्णेच्या दक्षिणेस पटवर्धनादी सरदारांच्या जहागिरी आणि कंपनी सरकारचा खालसा मुलूख असा जो संमिश्र प्रदेश होता, त्याला इंग्रजी दप्तरात दक्षिण मराठा मुलूख म्हणत. रयतेची भाषा मुख्यतः कानडी आणि दरबारी लिखापढी मराठीत, मोडी लिपीत, असा त्याचा कारभार होता. याच मुलखातल्या धारवाडात कंपनीने आपली कचेरी उभारली. 1908 मध्ये मद्रास रेल्वेशी एकीकरण होऊन कारभार मद्रासला गेला, आणि धारवाडची ती भव्य दगडी इमारत पुढे कर्नाटक कॉलेजला मिळाली. आज तेथे शिकणारा विद्यार्थी ज्या दालनात बसतो तेथे एके काळी घाटांची मोजणी आणि पुलांचे नकाशे यांच्यावर खल चालत असे. दुष्काळाच्या कामांतूनच म्हैसूर संस्थानाने बंगळूर ते म्हैसूर हा मार्ग हाती घेतला होता. 1881 मध्ये संस्थान चामराजेंद्र वोडेयरांच्या स्वाधीन झाल्यावर दिवाण रंगाचार्लू यांनी रेल्वेचे काम पुढे रेटले; 1882 मध्ये गाडी म्हैसूरला, 1884 मध्ये तुमकूरला पोहोचली, आणि 1886 मध्ये संस्थानाने आपले लोहमार्ग चालवण्यासाठी व पुढचे बांधण्यासाठी सदर्न मराठा कंपनीच्या हवाली केले.

पण समुद्र अजून दूर होता, आणि समुद्राची सर्वांत जवळची वाट परकी सरहद्द ओलांडून जात होती. ब्रिटिश सरकार आणि पोर्तुगाल यांच्यात 1878 च्या डिसेंबरात जो करारनामा झाला, त्यातील कलमे आज वाचली तरी तत्कालीन राज्यकर्त्यांचे हेतू स्पष्ट दिसतात. गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांना बारा वर्षांपुरता मक्ता मिळाला, दोन्ही मुलखांतील जकातीची भिंत काढण्यात आली, त्याबदली पोर्तुगीज सरकारला सालिना चार लाख रुपये देण्याचे ठरले, आणि मुरगावचे बंदर व तेथून सरहद्दीपर्यंतचा लोहमार्ग यांची तरतूद झाली. लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनी स्थापन झाली. मुरगावपासून सावर्ड्यापर्यंतचा सपाट भाग 1887 मध्ये, आणि घाटासह सरहद्दीपर्यंतचा सगळा मार्ग 1888 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. या मार्गाची एकंदर लांबी सुमारे 82 किलोमीटर. गोव्याच्या आगरांवर घाम गाळणाऱ्या मीठकऱ्यांना मात्र हा करार जाचक ठरला, आणि जनतेचा रोष व व्यापाराची निराशा यांच्या ओझ्याखाली 1892 मध्ये तो संपुष्टात आला. रूळ तेवढे राहिले. 1902 मध्ये तोट्यात चाललेला हा मार्गदेखील चालवण्यासाठी सदर्न मराठा कंपनीकडेच आला.

पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ज्याचे नाव पडले तो ब्रागांझा घाट कॅसलरॉक आणि कुळे या दोन स्थानकांमध्ये पसरला आहे. सुमारे 26 किलोमीटरांच्या या अंतरात गाडी दीड हजार फुटांहून अधिक उतरते. उतार जेथे सर्वांत तीव्र आहे तेथे जवळजवळ चाळीस फुटांमागे एक फूट, म्हणजे बोर घाटाच्या तोडीचा आहे. कॅसलरॉकला गाडी थांबली की पुढची काही मिनिटे डब्यातून खाली उतरून पाहण्यासारखी असतात. रेल्वेचे कर्मचारी एकेका डब्याशी वाकून ब्रेकच्या नळ्या आणि त्यांचे सांधे तपासतात. चालक हवेचा दाब घेऊन पाहतो. आणि सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावरच गाडीला उताराची परवानगी मिळते. कुळ्याहून वर येणाऱ्या जड गाडीला मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने लावतात, त्यांना रेल्वेतली माणसे बँकर म्हणतात. उतारावर एखादी गाडी ताब्याबाहेर गेलीच तर तिला चढाच्या दिशेने वळवून थोपवणारा कॅच सायडिंग नावाचा आडमार्गही घाटरेल्वेच्या व्यवस्थेचाच भाग होय. भर पावसाळ्यात गँगमन डोक्यावर इरले किंवा घोंगडी घेऊन हातात कंदील व हातोडी धरून रुळांवरून चालत गस्त घालीत आला आहे. दरडीचा एक दगड रुळांवर आला की शेकडो जीव धोक्यात येतात, हे तो पुरते जाणतो. करंझोळ, दूधसागर ही स्थानके मागे पडतात, बोगद्यांचा अंधार आणि रानाचा हिरवा उजेड यांची आलटापालट चालू असते, आणि मग एका वळणावर 310 मीटर उंचीचा दूधसागर धबधबा समोर येतो. त्याच्या पायऱ्यांसारख्या टप्प्यांच्या मधून रेल्वेचा पूल गेला आहे, त्यामुळे पावसाळ्यात पाण्याचे तुषार खिडकीतून आत येतात आणि डब्यात क्षणभर कोणीही बोलत नाही.

हा घाट कोणी फोडला याची नोंद भागधारकांच्या यादीत नसते. हिवतापासाठी कुप्रसिद्ध असलेल्या या जंगलात सुरुंग लावणारे, दगड वाहणारे आणि बोगद्यांच्या तोंडाशी झोपड्या घालून राहणारे मजूर ज्या प्रतीच्या हालांत दिवस काढत असतील, त्याचे स्मारक म्हणून तेथे एक शिलालेखही उभा नाही. आल्प्समधील गॉटहार्ड बोगदा 1882 मध्ये खुला झाला, त्यातही शेकडो मजुरांचे प्राण गेले होते, आणि ते बहुतांशी सीमेपलीकडून आलेले इटालियन होते. परंतु त्या मजुरांच्या स्मरणार्थ तेथे शिल्प उभे आहे. डोंगरातील प्रत्येक सुंदर लोहमार्ग अशा मृत्यूंवर उभा असतो, हे प्रवाशाने आनंदाच्या क्षणीही विसरू नये.

1892 नंतर जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली आणि कॅसलरॉक हे एक विलक्षण गाव बनले. एका बाजूस ब्रिटिश जकात नाका, घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीजांची तपासणी. गाडी थांबायची, सामान उतरवून उघडून दाखवावे लागायचे. मुंबईला खलाशी, आचारी, वादक, शिक्षक म्हणून जाणारे हजारो गोमंतकीय याच वाटेने घाट चढून लोंढ्याला गाडी बदलत आणि बेळगाव, मिरज, पुणे असे मुंबईस पोहोचत. त्या फलाटावर पोर्तुगीजांत विचारलेल्या प्रश्नाला कोंकणीत उत्तर मिळे, इंग्रजी पावतीवर मराठीत सही होई, आणि चहावाला कानडीत पैसे मोजून घेई. भाषांचा असा मेळ परिषदांच्या ठरावांनी घडत नसतो. पोटापाण्याच्या गरजेने माणसे शेजारी उभी राहतात आणि एकमेकांचे चार शब्द उचलतात, तेव्हा तो घडतो.

या लोहमार्गाने धान्य आणि मीठ वाहिले, तसेच स्वर आणि विचारही वाहिले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस राहत आणि म्हैसूरच्या दरबारी जाता-येता धारवाडकडे मुक्काम करीत. कुंदगोळच्या रामभाऊंना, म्हणजे सवाई गंधर्वांना, त्यांची तालीम मिळाली, आणि त्या परंपरेतून हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि गदगचे भीमसेन जोशी पुढे आले. मिरज, धारवाड, हुबळी, गदग ही गावे एकाच रेल्वेच्या जाळ्यात गुंफलेली नसती, तर हा स्वरप्रवास इतक्या सहजतेने झाला असता असे म्हणवत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी, कवित्व कानडीचे. सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी 1944 ते 1956 पर्यंत कानडी शिकवली, आणि ‘नाकु तंति’ या त्यांच्या कानडी काव्यसंग्रहाला 1973 चे ज्ञानपीठ मिळाले. उद्योगाचेही तसेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातून बस्तान हलवून 1910 मध्ये पुणे-मिरज रेल्वेच्या कडेला किर्लोस्करवाडी वसवली; त्याच उद्योगसमूहाने पुढे 1941 मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर आणि 1946 मध्ये बंगळूरला विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला. नकाशावर ही ठिकाणे जोडत गेलो तर जी रेघ उमटते ती जुन्या सदर्न मराठा रेल्वेची आहे.

तरीही म्हैसूर संस्थानाला एक सल कायम राहिली: स्वतःचे बंदर नाही. व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे दोघे तंजावरी मराठी घराण्यांतील दिवाण एकामागून एक म्हैसूरला लाभले, आणि त्यांच्यानंतर 1912 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण झाले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दीर्घकाळ नोकरी करून पुण्याशी एकरूप झालेल्या या अभियंत्याने म्हैसूर ते अरसीकेरे हा मार्ग 1918 मध्ये पुरा करून घेतला, आणि भटकळला संस्थानाचे बंदर व तेथवर रेल्वे व्हावी असा आग्रह धरला. भटकळचे स्वप्न प्रत्यक्षात आले नाही. मंगळूरला जाणारा घाटमार्गही स्वातंत्र्यानंतरच हाती घेतला गेला. 1964 मध्ये आरंभलेला हासन-मंगळूर लोहमार्ग 1979 मध्ये पुरा झाला. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या सुमारे 55 किलोमीटरांत 57 बोगदे आहेत, इतके सांगितले म्हणजे त्या कामाचे स्वरूप ध्यानी येईल. रुंदीकरणासाठी 1996 मध्ये बंद झालेला हा घाट 2007 च्या अखेरीस प्रवाशांना पुन्हा खुला झाला. घाट उतरल्यावर कानडीच्या जोडीला तुळू, कोंकणी आणि ब्यारी ऐकू येतात; आणि कारकळच्या परिसरात चित्पावनी बोलणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, ही गोष्ट किती मराठी प्रवाशांना ठाऊक असते? 2021 पासून यशवंतपूरहून मंगळूरकडे जाणाऱ्या दिवसाच्या गाडीला मोठ्या काचांचे व्हिस्टाडोम डबे लागले, आणि बंगळूरकर केवळ घाट पाहण्यासाठीही आगगाडीचे तिकीट काढू लागला.

ब्रागांझा घाटाने मात्र अधिक चढउतार पाहिले. 1955 च्या गोवा सत्याग्रहानंतर सरहद्दीवरची रेल्वे वाहतूक बंद झाली आणि रुळांवर शांतता पसरली. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. 1990 च्या दशकात मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज आले. अलीकडे दुहेरीकरणाचा प्रकल्प पुढे आला, तेव्हा मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य यांतून आणखी एक मार्ग काढण्यास गोव्यातील नागरिकांनी जोरदार विरोध केला. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला मिळालेली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द ठरवली. अठराशे ऐंशीच्या दशकात या रानाकडे केवळ अडथळा म्हणून पाहिले जात होते, आज त्याचे रक्षण हाच प्रश्न झाला आहे. हा बदल मला शुभ वाटतो. दूधसागर स्थानकावर पर्यटकांनी उतरून रुळांवरून चालू नये असा रेल्वेचा हुकूम आहे, आणि तो न मोडणे हाच त्या घाटाचा खरा आदर होय.

स्विस लोकांनी आपल्या डोंगरी रेल्वेचे केवळ रूळ जपले नाहीत, तिचा इतिहासही जपला. आल्बुला व बर्निना हे मार्ग 2008 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. आमच्याकडे त्याच वर्षी काल्का-सिमला मार्गाला हा मान मिळाला, दार्जिलिंग व निलगिरी त्यापूर्वीच मानकरी झाले होते. पठाराला समुद्राशी जोडणाऱ्या या घाटमार्गाचा साद्यंत इतिहास लिहिण्याचे काम मात्र अजून कोणी नेटाने हाती घ्यावयाचे आहे. त्याची साधने पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजांत, मुंबईच्या पुराभिलेखागारात इंग्रजी व मोडीत, आणि बंगळूरच्या राज्य अभिलेखागारात इंग्रजी व कानडीत विखुरली आहेत. एकट्या माणसाला हे सारे दस्तऐवज वाचता येणे कठीण. पण घरी मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत इंग्रजी बोलणारी मंडळी बंगळूरात काही थोडीथोडकी नाहीत. त्यांतील चौघांनी जरी एका गोमंतकीय अभ्यासकाला सोबत घेऊन हे काम मनावर घेतले, तरी दुष्काळाने जन्मास घातलेल्या या लोहमार्गाची कहाणी तो ज्यांच्या मुलखांतून जातो त्या सर्वांच्या भाषांत सांगता येईल. बंगळूरच्या मराठी वाचकाला माझी विनंती एवढीच, की पुढच्या सुटीत आल्प्सचे तिकीट काढण्यापूर्वी एकदा दिवसाच्या गाडीने हे घाट उतरावेत, शेजारच्या प्रवाशाशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलावेत, आणि परतल्यावर या इतिहासाच्या एखाद्या पानाचा भार आपल्या अंगावर घ्यावा.